मापवहीतल्या कुमुदबाई

हैद्राबादच्या गौलीगुड्यातलं माझं शिलाईचं दुकान मागच्या महिन्यात बंद केलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. हात थरथरायला लागला, सुईत दोरा जाईना, तेव्हा माझं मीच ठरवलं. सामान आवरताना मापाच्या जुन्या वह्या निघाल्या. माझं शिक्षण दुसरी, तेही निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. मराठी अक्षरं मी मागाहून दुकानांच्या पाट्या वाचून उचलली. पण आकडे माझे चांगले.

मापवहीत एका गिऱ्हाइकाला एक ओळ असते, फार तर दोन. बायकांची तर तीही नसते. घरून जुना ब्लाऊज आणतात, "मास्टर, ह्याच्यासारखाच शिवा" म्हणतात, झालं. त्यालाच आम्ही मापाचा ब्लाऊज म्हणतो. पण एका पानावर एकाच नावाच्या अकरा ओळी आहेत. वर लिहिलंय, 'कुमुदबाई, मराठी शाळा'. शेवटची ओळ माझ्या हातची नाही.

त्या पानापाशी मी बराच वेळ बसलो, आणि मग हे लिहायला घेतलं. माझ्या नातीला, मंजूला, बजावलं की माझ्या चुका काढायच्या नाहीत. ती म्हणाली, "आबा, मला माझ्याच दिसत नाहीत, तुमच्या कुठून दिसणार?"

कुमुदबाई बरकतपुऱ्यात आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या, एकट्याच. मराठी शाळेत जन्म काढून रिटायर झाल्या होत्या. बुटक्या, सडपातळ, बारा महिने हातात छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. बाई तिचा उपयोग दाखवायला करायच्या. "ते काय?" म्हणून छत्रीचं टोक पुढं. पर्समध्ये खडूचे तुकडे असायचे, रिटायर झाल्यावरही. आणि एक खोड होती. कुठल्याही कचेरीत, शाळेत, दवाखान्यात गेल्या की आधी दारावरच्या माणसाशी बोलायच्या. शिपाई, वॉचमन, झाडूवाली. "साहेबाला फक्त साहेबाची खोली ठाऊक असते, मास्टर," म्हणायच्या. "घर कुठं गळतंय ते शिपायाला विचारावं."

पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, "मापाचा ब्लाऊज आणलाय?"

"तो जुन्या कुमुदचा आहे. मी आज आलेय. टेप काढा."

मी म्हटलं, "बाई, या धंद्यात माझे केस पांढरे झाले. मी नजरेनं माप सांगतो."

"सांगा की मग."

मी बघितलं आणि छाती बत्तीस सांगितली. त्यांनी हात बाजूला धरले. "आता टेपनं." टेप म्हणाला साडेचौतीस.

"अडीच इंच," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी काख उसवली असती की."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मला असा राग आला! तो ब्लाऊज मी असा शिवला की त्यात टाक्याचीही खोट निघू नये. आठ दिवसांनी घालून आल्या, आरशात पाठ बघितली आणि म्हणाल्या, "हौ." आमच्या हैद्राबादेतलं 'हो'. एवढंच. पुढं कळलं की कुमुदबाईंचं 'हौ' म्हणजे फार झालं. शाळेतल्या पोरांना ते वर्षातून एकदा मिळायचं म्हणे.

ते दिवस असे होते की सगळंच नवं येत होतं. गल्लीत केबलच्या वायरी लोंबत होत्या, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते. रेडीमेडची काचेची दुकानं निघाली आणि शाळांचे गणवेश माझ्या हातचे गेले. मुलगा सुधाकर म्हणाला, "दादा, आता तुमची सुई नाही चालायची." त्यानं विद्यानगरला एसटीडी-झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि एकुलत्या एक मुलीला, मंजूला, इंग्रजी शाळेत घातलं. मराठी शाळेत तेव्हा बाकं जास्त आणि पोरं कमी.

मंजू तिसरीत गेली तरी तिला वाचता येईना. अक्षरं उलटी काढायची. एका जागी म्हणून बसायची नाही. एक बूट शाळेत, एक रिक्षात. डायरीत रोज लाल शाईचा शेरा. सुधाकर म्हणे आळशी आहे, सून रेखा म्हणे नजर लागली, आणि मी, खोटं कशाला बोलू, मी लाकडी पट्टीनं मारायचो. कापड मोजायची पट्टी. तिच्या पोटऱ्यांवर वळ उठलेले मला अजून दिसतात.

शाळा सुटल्यावर ती माझ्या दुकानात बसायची. कुमुदबाई एकदा आल्या आणि नेमका तिनं बटणांचा डबा सांडला. मी पट्टी उचलली. बाईंनी छत्री मधे घातली.

"बघू की आधी."

मग तिला म्हणाल्या, "मंजू, मला पाणी आण." तिनं आणलं. प्याल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंजू, गिलास ठेव, पंखा लाव आणि आबांचा चष्मा दे." पोरीनं गिलास ठेवला, पंख्याच्या बटणापर्यंत गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, "बघा! ऐकतच नाही."

बाई म्हणाल्या, "ऐकलं तिनं. वाटेत सांडलं."

आणि पर्समधून एक वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. मग सांडलेल्या बटणांशी मंजूला बसवलं. पोरगी रंग, भोकं, आकार बघून बटणं निवडत बसली ती उठेचना. बाईंनी घड्याळात बघितलं आणि तेही लिहिलं. त्यानंतर आल्या की वही काढायच्या. मला वाटायचं, रिकामी बाई आहे, चाळा करते.

मग शाळेनं सुधाकरला बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "घरात मराठी, रस्त्यावर हैद्राबादी हिंदी, शाळेत इंग्लिश आणि वर तेलुगू. पोरीच्या डोक्यात खिचडी झालीय. घरात मराठी बंद करा."

आमच्या लोकांची ही जुनीच चूक. मुलाचं काही अडलं की आम्ही आमच्या भाषेलाच आधी घराबाहेर काढतो. आम्हीही तेच केलं. सुधाकरला इंग्रजी येत होतं ते दुकानापुरतं. रेखा नांदेडकडची. ती पोरीला नुसती म्हणायची, "कम. ईट. सीट." कुत्र्याला बोलल्यासारखं. आणि मला तर येतच नव्हतं. मी हट्टी माणूस, मोडकं बोलून हसं करून घेण्यापेक्षा तोंड बंद ठेवलं. घरात मंजूशी एक शब्द नाही. महिनाभर. एकदा पोरगी माझ्या गुडघ्याला धरून म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्यावर रुसलात?" मी मान हलवली, नाही म्हणून. पण बोललो नाही.

कुमुदबाई रेखाकडं साखर मागायला आल्या होत्या. दारात थबकल्या. "का गं, कुणी वारलं का घरात?" रेखानं सगळं सांगितलं. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्टर, पोरीला बोलायला आजोबा होता, तोही काढून घेतलात?" मी उठून आत गेलो. मला शिकवणारी ही कोण!

सुधारणा काहीच झाली नाही. तेव्हा शाळेनं एका खाजगी दवाखान्यात तपासणीला पाठवलं. तिथला फॉर्म सुधाकर घरी घेऊन आला होता. भरता भरता एका चौकोनापाशी थांबला. घरात बोलली जाणारी भाषा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "इंग्रजीच लिही. मराठी लिहिलं तर म्हणतील, सांगूनही ऐकलं नाही. आपल्याला कमीपणा नको."

त्यानं लिहिलं. दवाखान्यात त्यांनी इंग्रजीत विचारलं, पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली, आणि चाळिसेक मिनिटांत कागद हातात आला. मंदबुद्धी. शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी ठेवणार नाही, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घाला. सुधाकरनं तो कागद कपड्यांखाली लपवून ठेवला. मग म्हणाला, "कुठंच नको घालायला. लोकांना कळेल, उद्या लग्नाचा प्रश्न येईल. दादा, तुमच्याकडं बसवा, काज-बटण शिकेल." आणि मी हो म्हणणार होतो.

रेखानं आमच्या मागं तो कागद कुमुदबाईंना दाखवला. बाई तडक घरी आल्या. सुधाकर होता, मी होतो.

"चाचणी कोणत्या भाषेत घेतली?"

बाईंनी कागद उलगडून पुढं धरला.

"इथं लिहिलंय घरची भाषा इंग्रजी. ह्या घरात? मास्टर, एक इंग्रजी वाक्य बोला बघू."

मला एकच येत होतं. मी दाराकडं बोट करून म्हटलं, "गेट आउट!"

सुधाकर पांढरा पडला. बाई म्हणाल्या, "उच्चार चांगलाय," आणि खुर्ची ओढून बसल्या. रेखाकडं चहा मागितला. पूर्ण कप संपवला, बशी विसळून ठेवली आणि मगच गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "पोरगी मंद आहे की नाही मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. कुणी बघितलेलंच नाहीये तिला."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. स्वतःचा ब्लाऊज शिवायचा होता आणि मापाला आणला होता बहिणीचा. मी खेकसलो, "अहो, तिच्या मापावरून तुमचं कसं बेतू? कापड वाया जाईल, आणि मग म्हणाल मास्टरला येत नाही."

बोललो आणि कात्री तशीच हातात राहिली. त्या बाईला वाटलं मला चक्कर आली. मी भरदुपारी शटर ओढलं आणि बरकतपुऱ्याला आलो, थेट कुमुदबाईंच्या खोलीवर. त्या तांदूळ निवडत होत्या. मी चप्पल काढली नाही, आतही गेलो नाही.

"तो चौकोन मी भरायला लावला," म्हटलं. "सुधाकरचा दोष नाही."

"हं," म्हणाल्या. "उद्या सकाळी आठला तयार राहा. डबा घ्या, तिथं वेळ लागतो."

सिकंदराबादच्या पलीकडं अशा मुलांसाठी एक मोठी सरकारी संस्था आहे, असं बाईंनी कुठूनतरी शोधून ठेवलं होतं. दोन बस बदलून गेलो. मी, बाई आणि मंजू. रांग मोठी. मी रांगेत उभा राहिलो, आणि बाई गेल्या फाटकावरच्या वॉचमनकडं. त्याची चौकशी केली, मुलंबाळं विचारली, मग मुद्द्यावर आल्या. "यहाँ मराठी बोलने वाला कौन है?"

"हॉस्टल में एक मॅडम है अम्मा, परभणी के. यहींच सीख रै. छुट्टी पो गए, पंद्रा दिन बाद आते."

आमचा नंबर आला. आतल्या मोठ्या डॉक्टरीण मॅडम तेलुगू होत्या, बोलायला गोड. नवा फॉर्म समोर. मला त्यांनी तेलुगूत आजोबा म्हणून हाक मारली. "तातय्या, घर में कौनसी ज़बान बोलते आप लोगां?"

खोलीत आणखी चारजण बसलेले. बाई शेजारीच होत्या, पण छताकडं बघत होत्या.

"मराठी," मी म्हटलं. "पैले के कागज पो अंग्रेज़ी लिखाया, वो झूट है. मैं लिखाया. मेरे कू अंग्रेज़ी नै आती. कुच भी नै आती."

आयुष्यात मी एवढ्या लोकांत कधी असं बोललो नव्हतो. मॅडमनी नुसतं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बच्ची हिंदी तो बोलती ना? आजच करते."

मला वाटलं सुटलो. पण कुमुदबाई म्हणाल्या, "नक्को."

"कायकू अम्मा?"

"हिंदी बोलती, बाज़ार में. रोती मराठी में. जिस में रोती, उस में पूछो. वो परभणी वाली मॅडम पंद्रा दिन में आती."

मॅडमनी चष्मा काढून बाईंकडं बघितलं. "आपको किसने बताया?"

"आपके वॉचमन."

मॅडम हसल्या आणि तारीख लिहून दिली. बसमध्ये मी चिडून म्हटलं, "आज झालं असतं की बाई. परत दोन बस." त्या म्हणाल्या, "एकदा घाईत माप घेतलंत, मन भरलं नाही का?"

परभणीची मॅडम म्हणजे पंचविशीची पोरच होती. तीन वेगवेगळ्या दिवशी तिनं मंजूला तपासलं. ठोकळे, चित्रं, गोष्टी, आकडे. कंटाळली की मैदानात पळवून आणायची आणि परत बसवायची. आम्ही बाहेर बाकावर. मी एकदा खिडकीतून डोकावणार होतो, बाईंनी छत्रीच्या मुठीनं सदरा धरून मागं ओढलं.

मग मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. मंजू चालायला कधी लागली, बोलली कधी, किती वेळ एका जागी बसते, काय करताना बसते. मला एकही धड सांगता येईना. रोज दुकानात माझ्या डोळ्यांसमोर असायची ती. अंगाला टेप न लावता माप सांगणारा मी! मी बाहेर येऊन बाईंना म्हटलं, "ती वही आहे का?"

त्यांनी पर्समधून काढून दिली. त्यात सगळं होतं. कुठल्या दिवशी, कशाला, किती मिनिटं. 'बटणं निवडताना पस्तीस मिनिटं.' 'तीन कामं सांगितली, एक केलं.' 'गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगितली, वाचता एक ओळ आली नाही.' 'आजोबांनी मारल्यावर तासभर काहीच जमलं नाही.' तेही लिहिलं होतं. मी तेवढं पान उलटून पुढं करू शकलो असतो. नाही केलं.

मॅडम वाचत राहिली. म्हणाली, "ही कुणी लिहिली? असं लिहून आणणारे आमच्याकडं कुणीच येत नाहीत."

निकाल सांगायला मोठ्या डॉक्टरीण मॅडमही बसल्या. परभणीची पोर मराठीत सांगत होती, मला कळावं म्हणून सावकाश. बुद्धी कमी नाही. चांगली आहे. लक्ष एका जागी ठरत नाही, त्याला एक चार अक्षरांचं इंग्रजी नाव आहे, एडीएचडी. ते मी पाठ केलं, अजून पाठ आहे. आणि वाचन-लिखाणाची अडचण वेगळी, जन्माची. ती आळशी नाही, आणि यात कुणाचा दोष नाही. मार देऊन जाणार नाही, शिकवायची रीत बदलावी लागेल. मग म्हणाली, "आणि आजोबा, घरात मराठीच बोला. भरपूर बोला."

मी विचारलं, "चार भाषांनी झालं नाही हे?"

"नाही हो."

परतीच्या बसमध्ये मंजू खिडकीशी बसली आणि मी तिच्याशी बोलायला लागलो. बीदरकडचं माझं गाव, तिथली विहीर, म्हशीच्या पाठीवर बसून मी पडलो ते, पहिल्यांदा हैद्राबादेत येऊन हरवलो ते. इतक्या दिवसांचं साचलेलं. ती मधेच उठायची, मधेच बसायची, पण "मग?" म्हणायची. कंडक्टर म्हणाला, "बड़े मियाँ, साँस तो लो." कुमुदबाई पुढच्या सीटवर होत्या. मागं वळून बघितलं नाही. उतरताना म्हटलं, "बाई, तुमचे उपकार..." तर म्हणाल्या, "छत्री धरा माझी, पायरी उंच आहे."

पुढं सगळं सोपं झालं असं नाही. आधीच्या शाळेनं ठेवलं नाहीच. काचीगुड्याला एक लहान शाळा होती. तिथंही बाई आधी शिपायाशी बोलल्या, मग हेडमास्तरांशी. मंजूला पहिल्या बाकावर बसवायचं, आणि तिला उठावंसं वाटलं की फळा पुसायला उठू द्यायचं, हे बाईंनी ठरवून घेतलं. त्या शाळेचा फळा कधी इतका स्वच्छ नव्हता. संध्याकाळी बाई शिकवायच्या. माझ्याकडून जाड कापडाची अक्षरं कापून घेतली, बोट फिरवायला. खाकी चड्ड्यांच्या कापडाचा 'क', मखमलीचा 'म'. माझा 'ळ' त्यांनी तीनदा परत केला. लाकडी पट्टी एक दिवस दुकानातून नाहीशी झाली. मी शोधली नाही. सातवीत मंजू गणितात नापास झाली, दहावीला दुसऱ्यांदा बसली आणि पास झाली. आज ती आपल्या पायावर उभी आहे. काय करते ते तिचं ती सांगेल, हे तिच्यावर लिहिलेलं नाही.

दहावीच्या निकालानंतरची गोष्ट. कुमुदबाई दुकानात आल्या, काखेत कापड. पायरीवर मधे एकदा थांबल्या. मंजू वही घेऊन बसली होती. मी माप सांगायचं आणि तिनं लिहायचं, अशी सुट्टीपुरती सवय लागली होती. मी म्हटलं, "बाई, दहा ओळी आहेत तुमच्या. मागचंच माप धरतो, उगाच उभं कशाला राहता?"

"मास्टर, टेप काढा."

मी टेप लावला. टेप फारच आत आला. मी परत लावला. मागच्या वर्षी छाती साडेएकतीस होती. आकडा मी नुसता पुटपुटलो.

"सांगा की मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "पोर खोळंबलीय."

"अठ्ठावीस."

मंजूनं लिहिलं ८२. बघत राहिली. खालचा ओठ दातात धरला. मी बोलणार होतो, पण छत्री माझ्या पायावर टेकली होती. मंजूनं तो आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं, २८. मग वर बघून म्हणाली, "बाई, तुम्ही एवढ्या वाळलात?"

"हौ," कुमुदबाई म्हणाल्या.

ते कशाला म्हणाल्या, खोडलेल्या आकड्याला की विचारलेल्या प्रश्नाला, मी विचारलं नाही. शिलाई घट्ट नको, आत चार बोटं कापड सोडा, परत अंगानं भरले तर उसवून सैल करता येईल, असं बजावून त्या पायरी उतरल्या. समोर बँकेच्या दारात वॉचमन स्टुलावर बसला होता. रस्ता ओलांडून त्याच्यापाशी थांबल्या, छत्रीनं बँकेच्या दाराकडं दाखवून काहीतरी विचारलं. तो उठून उभा राहिला आणि त्यांना स्टूल दिलं. बाई बसल्या, आणि तो हातवारे करून सांगत होता ते मान हलवत ऐकत राहिल्या.

ब्लाऊज मी चार दिवसांत शिवला. चार बोटं कापड आत सोडून. बारावी ओळ त्या पानावर झालीच नाही.